अठ्ठावीस पायांची चिप

संध्याकाळी सहा वाजले की धाकटा मशीन बंद करायचा, चिंधीला हात पुसायचा आणि खिशातून चष्म्याचं जुनं घर काढायचा. त्यात चष्मा नसे, काळ्या स्पंजाचा तुकडा असे. मग मशीनच्या बाजूचं झाकण उघडून तो स्क्रूड्रायव्हरचं टोक चिपखाली सारायचा, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने उचकटायचा, आणि अठ्ठावीस पायांची ती चिप सॉकेटातून उपटून स्पंजात खोचायचा. चष्म्याचं घर मिटून शर्टाच्या खिशात. सकाळी नऊ वाजता हेच सगळं उलट. तीन वर्षं झाली, एका दिवसाचा खाडा नाही. इतक्या नेमाने माणूस दातही घासत नाही.

झाकणाच्या आत अंधार असायचा, म्हणून शेजारी उभं राहून टॉर्च धरायचं काम त्याच्या थोरल्या बहिणीकडे, ताईकडे होतं. मशीन चालवणारी बाई, तिला सगळे मशीनवालीच म्हणत, ती चपला शोधता शोधता म्हणायची, "निघाली स्वारी महालात." धाकट्याला ते ऐकू जात असे, पण तो न ऐकल्यासारखं करी.

मशीन तारेची कॉइल गुंडाळणारं होतं. तांब्याची बारीक तार घ्यायची आणि प्लॅस्टिकच्या रिळावर बरोबर साडेबाराशे वेढे द्यायचे, एक कमी नाही, एक जास्त नाही. हे वेढे मोजायचं काम त्या चिपचं. चिप बसायची सॉकेटात, सॉकेट बसायचं बोर्डावर, आणि बोर्ड बनवायची ताई.

ताई धाकट्याहून सहा वर्षांनी मोठी. वडील रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांच्या टेबलाशी बसून ती सोल्डरिंग, म्हणजे वितळलेल्या कथिलाने तारा जोडणं, शिकली. पुढे टेलिफोनच्या कारखान्यात एकोणीस वर्षं लाइनवर काढली, आणि त्यातली शेवटची सात वर्षं तर दुसऱ्यांचे सोल्डरचे टाके तपासण्यात. टाका चमकदार हवा, चहूबाजूंनी उतरता हवा, फुगलेला नको आणि दाणेदार तर अजिबात नको. एखादा टाका बघून ती सांगायची, ही पोरगी आज घरी भांडून आली आहे, आणि ते खरं निघायचं. कारखाना बंद पडला. लग्न तर आधीच राहून गेलं होतं. मग ती घराच्या तळमजल्यावर भावाच्या वर्कशॉपमध्ये आली. आली म्हणजे काय, वरच्या मजल्यावरून जिना उतरून खाली आली.

बोर्डाला ती पाटी म्हणायची. पाटी घरीच व्हायची. कागदावर छापलेली नक्षी तांबं चढवलेल्या तक्त्यावर इस्त्रीने उमटवायची, मग तक्ता मोरीत टबातल्या तपकिरी द्रावणात बुडवून हलवत बसायचं. नको ते तांबं विरघळून जातं आणि हव्या त्या वाटा तेवढ्या उरतात. मग सुईएवढ्या ड्रिलने एकेक भोक, आणि भोकातून सॉकेटाचा एकेक पाय. या उद्योगात मोरीची फरशी कायमची पिवळी झाली होती आणि त्यापायी ताईला भावजयीची रोज एकदा तरी बोलणी खावी लागत.

घरच्या पाटीला एक दुखणं असतं. कारखान्यातल्या पाटीत तांबं भोकाच्या आतूनही उतरलेलं असतं, त्यामुळे ते जागा सोडत नाही. घरच्या पाटीचं तांबं नुसतं वरवर चिकटलेलं. एकदा सोल्डर केलं, ठीक. दुसऱ्यांदा तापवलं, चालतं. तिसऱ्यांदा तापवलं किंवा वरून कुणी उचकटाउचकट केली की तांबं पापुद्र्यासारखं सुटून येतं. म्हणून तर सॉकेट लावायचं असतं. चिपला चटका बसू नये आणि पाटीला पुन्हा पुन्हा हात लावावा लागू नये, एवढ्यासाठी.

हे सगळं ताईने धाकट्याला सांगितलं नव्हतं असं नाही. घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं.

"सॉकेट कशासाठी असतं गं ताई?" तो विचारायचा. "काढघाल करायलाच ना?"

"अडीनडीला काढायला. रोज उठून उपटायला नव्हे. दार उघडायसाठीच असतं, म्हणून कुणी बिजागरीला लोंबकळत नाही."

"मग जरा मजबूत सॉकेट लाव."

"सॉकेट मजबूत लावलं की पाटीचं तांबं सुटतं. पाटी मजबूत केली की तुझ्या चिपचे पाय मोडतील. नाहीतर दुसरी चिप करून ठेव, मग घेऊन जा एक उशाला."

"दोन झाल्या की तीन व्हायला वेळ लागत नाही," धाकटा म्हणायचा, आणि विषय संपायचा.

चिप एकच होती. तिच्यातला प्रोग्रॅम धाकट्याने स्वतः लिहिला होता, आठ महिने खपून, आणि खोटं कशाला बोला, चांगला लिहिला होता. ज्या कॉम्प्युटरवर लिहिला तो पुढे जळाला. आता जे काही होतं ते त्या चिपमध्ये, आणि उरलंसुरलं त्याच्या डोक्यात. त्याच्या जन्मात त्याने केलेली ही एकमेव गोष्ट होती जिला वडिलांनी नावं ठेवली नव्हती, कारण तोवर वडील राहिले नव्हते. ते असताना येणाऱ्याजाणाऱ्यासमोर म्हणायचे, "हिच्याकडे हात आहे आणि याच्याकडे तोंड आहे." धाकटा तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता. असली वाक्यं वडील विसरतात, मुलं विसरत नाहीत.

तर व्हायचं तेच झालं. हजारभर वेळा आत आणि हजारभर वेळा बाहेर, सॉकेटात चिपचे पाय धरून ठेवणाऱ्या पट्ट्या ढिल्या पडल्या. मशीन फिरताना थरथरतं, थरथरलं की ढिल्या पट्टीतला पाय क्षणभर सुटतो, आणि तेवढ्यात झालेला वेढा चिपला दिसतच नाही. तार मात्र रिळावर जायची ती जातेच. साडेबाराशेच्या जागी बाराशे साठ, कधी बाराशे नव्वद. असली कॉइल चार्जरमध्ये गेली की चार्जर जास्त जोर लावतो आणि बॅटरी उकळते.

पहिल्यांदा तक्रार आली तेव्हा ताईने सॉकेट बदललं. तीन महिने सुरळीत. दुसऱ्यांदा आली तेव्हा पुन्हा बदललं. दीड महिना. तिसऱ्यांदा बदलताना चार पायांखालचं तांबं निघून आलं, तिथे तिने बारीक तारेचे तुकडे जोडून वाटा सांधल्या. ते सतरा दिवस टिकलं. प्रत्येक वेळी तिने कारण सांगितलं आणि प्रत्येक वेळी धाकट्याने झाकणात डोकावून एकच निदान केलं: "ड्राय सोल्डर असणार."

ड्राय सोल्डर म्हणजे वरून जोडलेला दिसणारा पण आत न धरलेला टाका. सात वर्षं दुसऱ्यांचे टाके तपासलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे स्वयंपाकिणीला तुझं मीठच अळणी आहे म्हणण्यासारखं.

मग एका गुरुवारी चार्जरवाला स्वतः आला. त्याचं चार्जर बनवायचं दुकान मागच्याच रस्त्यावर होतं आणि वर्कशॉपचं निम्म्याहून जास्त काम त्याचं असे. त्याने खोकं टेबलावर आपटलं नाही, हळूच ठेवलं. हळूच ठेवणारी माणसं जास्त वाईट.

"अठ्ठेचाळीस कॉइल परत आणल्यात," तो म्हणाला. "तीन गिऱ्हाइकांच्या बॅटऱ्या उकळल्या. एकाच्या दुकानात तर धूर झाला. मी आता काय करायचं, तुम्हीच सांगा."

ताई कोपऱ्यातल्या टेबलाशी दुसऱ्या कुठल्याशा पाटीवर काम करत होती. तिने मान वर केली. आता तरी धाकटा खरं बोलेल असं तिला वाटलं. बाहेरच्या माणसासमोर खोटं बोलायला निदान लाज वाटेल.

"तुम्हाला म्हणून सांगतो," धाकटा आवाज खाली आणून म्हणाला. एवढा खाली, की चार हातांवर बसलेल्या माणसाला स्पष्ट ऐकू यावा. "आमच्या ताईचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. डोळेही. तिला तसं सांगवत नाही हो, एवढं केलंय तिने आमच्यासाठी. पण मी नवीन माणूस बघितलाय, पुढच्या महिन्यापासून येईल. ताईने आता आराम करायला हवा."

चार्जरवाल्याने ताईकडे पाहिलं. चेहऱ्यावर दया होती. "वय कुणाला चुकलंय," तो म्हणाला.

ताई त्रेपन्न वर्षांची होती. तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिच्या हातातली कात्री एका टाक्यावर टेकलेली होती. सोल्डरिंग आयर्नला ती कात्री का म्हणायची कुणास ठाऊक, वडील म्हणायचे म्हणून. टाका अर्धा सोडून बोलायला तोंड उघडणं तिला जमलं नाही. तिने टाका पुरा केला, थंड होऊ दिला, आणि तोवर चार्जरवाला दाराशी पोचला होता.

"सोमवार ते शनिवार, तीनशे कॉइल," तो धाकट्याला म्हणत होता. "जुनी ओळख म्हणून शेवटची संधी देतोय. यात चूक निघाली तर मला दुसरीकडे जावं लागेल."

तो गेल्यावर ताई उठली. "माझा हात गेला?"

"अगं, त्याला काहीतरी सांगायला नको का?"

"मग खरं सांगायचं. सांगायचं, मी रोज चिप उपटतो, त्याने सॉकेट खिळखिळं झालंय."

"तेच ते काय ताई. रविवारी नवीन पाटी कर ना, छानपैकी. तेवढं होईल ना तुझ्याकडून?" आणि तो सहाचे ठोके पडायच्या आधीच चष्म्याचं घर शोधायला लागला.

चोर सोडून संन्याशाला सुळी, ती मनात म्हणाली. आणि तरी त्या संध्याकाळी तिने टॉर्च धरला. सवय म्हणून धरला, आणि स्वतःचा एवढा राग तिला कधी आला नव्हता.

वर गेल्यावर ती भिंग घेऊन जुन्या पाट्या तपासत बसली. छप्पन्न टाके, ऐंशी टाके, शंभर. एकातही खोट नव्हती. पण तपासणारे डोळेही तिचेच होते, आणि डोळेही गेलेत असं भाऊ म्हणाला होता. हा विचार मनात आला मात्र, मग दोन दिवस गेला नाही. तिने सुईत दोरा ओवून पाहिला, पहिल्या झटक्यात ओवला गेला. पुन्हा ओवला. तिसऱ्या वेळी हात थरथरला. तिसऱ्या वेळी कुणाचाही थरथरेल, हे तिला कळत होतं, तरी तिने सुई भिंतीवर फेकली.

शनिवारी तिने परत आलेल्या खोक्यातली एक कॉइल घेतली आणि हाताने उलगडत वेढे मोजले. बाराशे एक्याण्णव. एक्केचाळीस वेढे चिपला दिसलेच नव्हते. ती तार तिने गुंडाळून धाकट्याच्या टेबलावर ठेवली, वर आकडा लिहून. त्याने ती भंगारात टाकली.

रविवारी सकाळी ती मोरीत टब घेऊन बसली. तपकिरी द्रावणात नवी पाटी मागेपुढे हलत होती. भावजय कपड्यांची बादली घेऊन आली आणि दारातच थांबली.

"पुन्हा काढलात का वन्सं हा चिखल? मागच्या वेळी माझा पांढरा परकर गेला."

"तुझ्या नवऱ्याला विचार का काढला ते. त्याने रोज ती चिप उपटली नसती तर हा टब माळ्यावर पडून राहिला असता. एवढं भ्यायचं कुणाला म्हणते मी? मशीनवाली पळवेल चिप? तिला घरचा बल्ब बदलता येत नाही."

भावजयीने बादली खाली ठेवली. ती तोंडाळ होती पण मनाने वाईट नव्हती, आणि पोटात गोष्ट ठेवणं तिला कधीच साधलं नाही.

"मशीनवालीचं काय घेऊन बसलात वन्सं," ती म्हणाली. "तुमच्यापासून जपतात ते."

"कोणापासून?"

"तुमच्यापासून. मला म्हणाले होते, पाटी तिची, सॉकेट तिचं, मशीनची तारन् तार तिने जोडलेली. चिपसुद्धा खालीच राहिली तर मग मी कशाला हवा? पहिल्या दिवशीच म्हणाले होते. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

टबातलं द्रावण हलायचं थांबलं. ताईला आधी हसू आलं. मग तिला तो टॉर्च आठवला. तीन वर्षं रोज संध्याकाळी, पाय दुखत असताना, ताप असतानासुद्धा, ती त्याच्या बाजूला उभी राहून उजेड पाडत होती, आपल्याच बहिणीला चोर समजून चिप लपवताना त्याला नीट दिसावं म्हणून. वर हात धडधाकट असताना हात गेला म्हणून ऐकून घेत होती. चिप त्याने जपली ती जपली, तिच्यापायी सॉकेटं मारली, पाट्या मारल्या, आणि सगळ्या मयताचं बिल ताईच्या हातावर फाडलं.

"वन्सं, पाटी," भावजय म्हणाली.

ताईने पाटी झटकन उचलली. अजून अर्धं मिनिट गेलं असतं तर बारीक वाटा द्रावणाने खाल्ल्या असत्या. नळाखाली धरून तिने बघितलं, सगळ्या शाबूत होत्या.

"तुम्ही त्यांना काही बोलणार का?" भावजयीने विचारलं. आता तिला भीती वाटायला लागली होती.

"बोलून बोलून जीभ झिजली माझी," ताई म्हणाली. "आता नाही बोलणार."

दुपारी तिने भोकं पाडली. बाकीचे सगळे भाग बसवले. चिपच्या जागेची अठ्ठावीस भोकं तेवढी रिकामी ठेवली. नवं कोरं सॉकेट समोर डबीत होतं, त्याच्याकडे तिने एकदा पाहिलं आणि डबी मिटली.

सोमवारी नऊ वाजता धाकट्याने नेहमीप्रमाणे जुन्याच पाटीत चिप खोचली. "नवी झाली का?" त्याने विचारलं. "दुपारी बसवते," ती म्हणाली. एक वाजता मशीनवाली डबा खायला बाहेर गेली, धाकटा जेवायला वर गेला. जेवून तो तासभर पाठ टेकायचा, हे घड्याळाइतकं पक्कं होतं.

ताईने दाराला कडी घातली. जुन्या पाटीतून चिप काढली. स्क्रूड्रायव्हरने उचकटली नाही, दोन्ही बाजूंनी चिमट्याने धरून सरळ वर उचलली. तीन वर्षांत चिपचे दोन पाय वाकडे झाले होते, ते तिने सरळ केले. मग नव्या पाटीवर ती भोकांवर धरली आणि खाच कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं. चिपला एका टोकाला अर्धगोल खाच असते, ती उलटी बसली की खेळ खलास. सॉकेट असतं तेव्हा चूक झाली तर काढून फिरवता येते, इथे फिरवाफिरवी नव्हती. तिने तीनदा पाहिलं. मग अठ्ठावीस पाय अठ्ठावीस भोकांत दाबले. सॉकेट नाही. चिप थेट पाटीला.

हे कुणी करत नाही. करू नये असं तिने स्वतः नवीन पोरींना शिकवलं होतं. प्रत्येक पायाला कात्री लागणार, प्रत्येक पायातून उष्णता वर चढणार, आणि एका जागी सेकंदभर जास्त झाली की आतला आठ महिन्यांचा प्रोग्रॅम जळून जाणार. दुसरी चिप नाही. मशीन नाही, तीनशे कॉइल नाहीत, वर्कशॉप नाही. हात खरंच गेला असेल तर आज, या खोलीत, कुणालाही विचारावं न लागता कळणार होतं.

"बघू या गेलाय का," ती मोठ्यांदा म्हणाली.

तिने चिपच्या पाठीवर ओल्या चिंधीची घडी ठेवली, पाटी उलटी केली आणि पहिल्या पायाला कात्री लावली. एक, दोन, सोल्डर वितळलं, पसरलं, कात्री उचलली. पहिल्यानंतर दुसरा नाही, थेट पंधरावा. मग आठवा, मग बाविसावा. एका जागची धग दुसरीकडे जाऊ नये म्हणून असं उड्या मारत जायचं. दर चार पायांनंतर थांबायचं, बोट लावून बघायचं, चिंधी पुन्हा भिजवायची. राग एवढा होता की कानात ठणका लागला होता, पण माणसामाणसात फरक असतो, कुणाचा हात रागाने सुटतो, ताईचा बसतो. कारखान्यातही तिचे सगळ्यात चांगले टाके सुपरवायझरशी भांडण झालेल्या दिवसांचे होते.

अठ्ठाविसावा टाका झाल्यावर तिने भिंग घेतलं. सगळे चमकदार, सगळे उतरते. मग तिने मशीनमधून येणाऱ्या अकरा तारा घेतल्या. जुन्या पाटीवर त्यांच्यासाठी प्लग होता, ओढला की निघायचा. तिने प्लग कापून टाकला आणि अकराच्या अकरा तारा पाटीला सोल्डर केल्या. पाटी जागेवर बसवून चार स्क्रू आवळले. जुन्या पाटीतून उपटलेलं सॉकेट, वेड्यावाकड्या पट्ट्यांचं, तिने धाकट्याच्या टेबलावर ठेवलं आणि दाराची कडी काढली. दोनला दहा कमी होते.

मग तिने बटण दाबलं.

मशीन फिरलं, थरथरलं, रीळ भरलं आणि थांबलं. ताईने ती कॉइल काढून उलगडली. मशीनवाली परत आली तेव्हा ताई मोजत होती, म्हणून ती गप्प दारात उभी राहिली. बाराशे अठ्ठेचाळीस, बाराशे एकोणपन्नास, बाराशे पन्नास. तार संपली.

"काय ताई?" मशीनवालीने विचारलं.

"काही नाही. लाव तू मशीन. थांबायचं नाही आज."

संध्याकाळपर्यंत बासष्ट कॉइल झाल्या. ताईने मीटर लावून एकूण एक तपासली, बासष्टांचाही आकडा सारखा. सहा वाजता धाकट्याने हात पुसले, खिशातून चष्म्याचं घर काढलं, झाकण उघडलं. ताई टॉर्च घेऊन आली आणि नेहमीच्या जागी उभी राहिली. आज टॉर्च धरायला तिला बरं वाटत होतं.

त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक चिपखाली सारलं. ते शिरेना. दुसऱ्या बाजूने सारलं, तिकडूनही शिरेना. त्याने डोकं आत घातलं.

"सॉकेट कुठाय?"

"तुझ्या टेबलावर. दुपारपासून तिथंच आहे."

"आणि चिप?" मग त्याला उमगलं. "थेट सोल्डर केलीस? ताई, जळली असती तर?"

"हात गेलेला असता तर जळली असती."

त्याने बाहेर डोकं काढलं. चेहरा पांढरा पडला होता. मशीनवाली चपला हातात घेऊनच उभी होती, तिला जायचं सुचत नव्हतं. धाकट्याने स्क्रूड्रायव्हर फिरवून धरला आणि तो पाटीचे स्क्रू काढायला लागला. एक काढला, दोन काढले. ताईने उजेड हलू दिला नाही. चौथा निघाल्यावर त्याने पाटी ओढली, ती बोटभर पुढे आली आणि अडकली. त्याने प्लग शोधला. अकरा तारा होत्या, प्लग नव्हता.

"न्यायचीच असेल तर मशीन उचल," ताई म्हणाली. "ओतीव लोखंड आहे, दोन माणसं बोलव."

"ताई, हे काय चालवलंयस?"

"तीन वर्षं मी तुला उजेड दाखवला. तू माझ्यापासून चिप लपवत होतास आणि मी टॉर्च धरून उभी होते. मला एका शब्दाने म्हणाला असतास ना, ताई, मला तुझी भीती वाटते, तर मी स्वतः जाऊन वरच्या कपाटात ठेवून आले असते. पण तू काय केलंस? चिप खिशात ठेवलीस आणि गावाला सांगितलंस, हिचा हात गेला."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्याने काय फरक पडतो?"

तो खाली बघत होता. चष्म्याच्या उघड्या घरातला काळा स्पंज रिकामा होता, त्यावर भोकांच्या दोन रांगा पडल्या होत्या. ताईला क्षणभर तो दहा-अकरा वर्षांचा दिसला, वडिलांच्या टेबलापासून दूर उभा असलेला. पण तेवढ्याने राग जात नाही. वडिलांचं वाक्य तिने केलेलं नव्हतं, आणि त्याची फेड तिने का करावी?

"चार्जरवाल्याला फोन कर," ती म्हणाली. "सांग, हात शाबूत आहे."

"आज एका दिवसाच्या कॉइल बरोबर आल्या म्हणून काय..." तो पुटपुटला. "शनिवारपर्यंत बघू. आत एखादा ड्राय सोल्डर असला तर?"

मशीनवालीने जीभ चावली. ताईने टॉर्च बंद केला, त्याच्या हातात दिला, आणि कमरेची किल्ली काढून त्यावर ठेवली. रोज ती कुलूप लावायची आणि तो चिप घेऊन जायचा. आज दोन्ही गोष्टी त्याच्याकडे होत्या.

"ते स्क्रू परत लाव आणि कुलूप घालून ये," ती म्हणाली आणि जिना चढू लागली.

वर भावजय वाटच बघत होती. "हे कुठे आहेत?"

"चिपची राखण करतायत."

अर्धा तास झाला तरी तो आला नाही. पानं वाढून झाली होती. भावजय दोनदा दाराशी जाऊन आली, तिसऱ्यांदा ताई उठली आणि जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत उतरली. वर्कशॉपचं दार उघडं होतं. आत धाकटा स्टुलावर बसला होता, मांडीवर उलगडलेल्या तारेचा ढीग, हातात रीळ. आजच्या बासष्टांतली एक कॉइल त्याने उचलली होती. ओठ हलत होते आणि आवाज जिन्यापर्यंत येत होता.

"बाराशे तीस. बाराशे एकतीस."

ताई तिथेच थांबली. कठडा तिने घट्ट धरला. एवढं ऐकायला मिळावं म्हणून आपण उतरलो, हे तिला कळलं आणि त्याचाही राग आला.

"बाराशे अठ्ठेचाळीस. बाराशे एकोणपन्नास. बाराशे पन्नास." तार संपली. रिकामं रीळ त्याच्या बोटांत एकदा फिरलं.

आता वर बघेल, ताईला वाटलं. आता जिन्याकडे बघेल आणि काहीतरी म्हणेल. त्याने रीळ खाली ठेवलं, खोक्यात हात घातला आणि दुसरी कॉइल काढली.

"एक," तो म्हणाला. "दोन. तीन."

"मोज मेल्या," ताई म्हणाली, त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "बासष्ट आहेत." आणि ती जेवायला वर गेली.